लिव्हरच्या गाठीवर नळीतून उपचार झाल्यावर रक्तस्राव : कुठे होतो, कसा ओळखायचा

लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे, ऑपरेशन जमणार नाही, जांघेतून नळी घालून गाठीत औषध सोडूया, असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा गुण येईल का याचा. रक्तस्रावाबद्दल विचारणारे फार थोडे. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि सहीची घाई असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत मी हे वरचेवर बघतो. पेशंट मिरज, कोल्हापूर, गोवा, हुबळी, बेंगळुरू नाहीतर थेट मुंबईला जातो, दोन-तीन दिवसांत घरी परततो, आणि पुढची सगळी राखण घरच्यांवर येते. मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, हे आधीच सांगून टाकतो. पण झालाच तर पहिल्या काही तासांत तो ओळखावा लागतो, आणि त्या वेळी पेशंटजवळ डॉक्टर नसतो. मुलगा असतो, सून असते, बायको असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी उपचार काय आहे ते समजून घेऊ. यकृताला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त लागतं आणि ते दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं यकृताच्या धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच घेते. हुक्केरी-गोकाककडच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल: उसाला घटप्रभेच्या कालव्याचंही पाणी आहे आणि विहिरीचंही, पण मधे उगवलेलं तण फक्त विहिरीच्या पाटावर जगतंय. विहिरीचा तेवढा पाट बंद केला तर तण वाळेल आणि ऊस कालव्यावर तगेल. गाठीकडे जाणारी धमनी बंद करायची ती याच हिशेबावर. म्हणूनच पोर्टल शिरेचं मुख्य खोड गाठीनं आधीच बुजलेलं असेल, तर डॉक्टर सहसा या उपचाराला तयार होत नाहीत. दोन्हीकडचं पाणी तोडल्यासारखं होईल.

या उपचाराला हॉस्पिटलात ‘टेस’ (TACE) म्हणतात. केमोचं औषध, बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिन, लिपिओडॉल नावाच्या तेलकट द्रवात घोळून गाठीच्या धमनीत सोडतात. लिपिओडॉल खसखशीच्या तेलापासून बनतं, त्यात आयोडिन मिसळलेलं असतं आणि ते गाठीत अडकून राहतं. त्यामागून जिलेटिनचे बारीक कण सोडून धमनी बुजवतात. काही ठिकाणी औषध भरलेले सूक्ष्म मणी वापरतात. 2002 साली बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन अभ्यासांनी दाखवून दिलं की योग्य पेशंट निवडला तर या उपचारानं आयुष्य वाढतं. तेव्हापासून जगभर तो मान्य उपचार आहे. रक्तस्रावाच्या भीतीनं तो नाकारावा, असं मला अजिबात सुचवायचं नाही.

जांघेतलं छिद्र

रक्तस्रावाची सगळ्यात नेहमीची जागा लिव्हरपासून लांब, जांघेत असते. तिथल्या मोठ्या धमनीत सुई घालायची, सुईतून तार, तारेवरून नळी, ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. नळी जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड. तिच्या आतून आणखी बारीक, मिलिमीटरहून कमी जाडीची नळी गाठीपर्यंत नेतात.

काम झालं की नळी काढून त्या जागी दहा-पंधरा मिनिटं हातानं घट्ट दाबून धरतात. दाबताना खाली काहीतरी टणक लागतं, तरच धमनी दबते. म्हणून सुई अशा जागी घालायची असते जिथे धमनीच्या मागे मांडीच्या हाडाचा गोल माथा आहे. सुई चुकून वरच्या अंगाला लागली तर मागे हाड नसतं, कितीही दाबलं तरी छिद्र नीट मिटत नाही आणि रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत जात राहतं. या प्रकारात जांघ बाहेरून अगदी ठीक दिसते. ना सूज, ना निळा डाग. पेशंट म्हणतो, ‘‘कंबर लई दुखालीया, एका बाजूची,’’ आणि बीपी हळूहळू उतरत जातं. घरचे म्हणतात, पाठीवर निजून निजून धरली असेल. कॅथलॅबमधून, म्हणजे नळी घालण्याच्या खोलीतून, आलेल्या माणसानं एका बाजूच्या कंबरेची किंवा कुशीची तक्रार केली, घाम आला, जीव घाबरा झाला, तर नर्सला लगेच बोलवा आणि ‘जांघेतून नळी घातली होती’ हे मोठ्यानं सांगा. ड्यूटी बदललेली असते, नव्या नर्सच्या ते लक्षात असेलच असं नाही.

जांघेवर वाळूची पिशवी ठेवून ‘पाय वाकवू नका’ असं चार-सहा तास सांगतात, ते पेशंटला फार जाचतं. लघवीला उठायचं असतं, नातेवाईक आले की उठून बसावंसं वाटतं. या बाबतीत घरच्यांनी थोडं कठोर व्हावं. भांडं मागून घ्या. खोकला आला, उलटी आली, तर त्या वेळी जांघेवर हाताचा तळवा दाबून धरा. घरी आल्यावर अडचण वेगळी. आपल्याकडे गावात बहुतेक घरांत उकिडवं बसायचा संडास. उकिडवं बसलं की जांघ पुरी दुमडते आणि कुंथताना पोटातला दाब वाढतो. पहिले चार-पाच दिवस कमोडची खुर्ची मिळवा, भाड्यानंही मिळते. जड उचलायचं नाही, ट्रॅक्टर-मोटरसायकल नाही. आणि घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी करून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघायचं नाही. देवी आठवडाभर थांबेल.

जांघेत थोडा निळा-काळा डाग पडतो, तो मांडीवर खाली उतरतो, पिवळा होऊन जातो. त्याला घाबरू नये. जांघेतच गाठ येऊन वाढत चालली, हाताला ती ठोके देतेय असं लागलं, किंवा पाय गार पडला, तर मात्र सोनोग्राफी हवी. धमनीच्या भिंतीतून रक्त बाहेर येऊन तिथे पिशवी तयार झालेली असू शकते. बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून त्या पिशवीत थ्रॉम्बिनचं इंजेक्शन दिलं की ती गोठते, ऑपरेशनची गरज पडत नाही.

आता पुष्कळ ठिकाणी मनगटातून नळी घालतात. मनगटाची धमनी वरवर असते, हवेच्या पट्ट्यानं दाबली की रक्त थांबतं आणि पेशंट लवकर उठून बसतो. प्रत्येकाला ते चालतंच असं नाही, पण विचारायला काही हरकत नाही.

गाठ फुटणं

याची भीती सगळ्यात मोठी. टेसनंतर गाठ फुटण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. पण ज्याची फुटते त्याच्या जिवावर बेततं. धोका जास्त कुणाला? गाठ मोठी, दहा सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असेल, यकृताच्या कडेला असेल, आणि तिचा काही भाग यकृताच्या आवरणाबाहेर फुगलेला असेल तर. रक्तपुरवठा तोडल्यावर गाठीचा आतला भाग मरतो, मऊ पडतो, सुजतो. वरचं पातळ आवरण तो ताण सोसू शकलं नाही तर चिरतं आणि रक्त पोटात सांडतं. हे टेबलावर घडू शकतं, त्याच रात्री घडू शकतं, आणि दहा-पंधरा दिवसांनी घरीही घडू शकतं.

घोटाळा असा की टेसनंतर पोट दुखतंच. उजव्या बरगडीखाली ठसठस, ताप, मळमळ, जेवणावरची वासना जाणं हे बहुसंख्य पेशंटना होतं. गाठ मरतेय आणि शरीर त्याला प्रतिसाद देतंय, एवढाच त्याचा अर्थ. हे पहिल्या-दुसऱ्या दिवशी जास्त असतं, मग कमी होत आठवडाभरात जातं. मग नेहमीचं दुखणं आणि फुटल्याचं दुखणं वेगळं कसं काढायचं?

मी घरच्यांना उतार-चढ बघायला सांगतो. नेहमीचं दुखणं रोज थोडं थोडं उतरतं आणि गोळीनं दबतं. फुटल्याचं दुखणं एकदम येतं. पेशंट वेळ सांगू शकतो: जेवून उठलो आणि कळ आली. किंवा उतरत आलेलं दुखणं अचानक दुप्पट होतं. पोट ताठ होतं, हात लावू देत नाही, कधी कळ उजव्या खांद्यात जाते. सोबत चेहरा पांढराफटक, कपाळाला गार घाम, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, लघवी कमी. यातलं काही दिसलं तर थांबून बघायचं नाही, त्याच क्षणी निघायचं.

नाडीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे डॉक्टरही फसतात. रक्त वाहत असलं की नाडी जोरात पळते, हे आपण शिकलेलो असतो. पण सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक झालेल्या, पुष्कळ पेशंटना प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलची गोळी चालू असते आणि ती नाडी पळू देत नाही. आत रक्तस्राव चालू असूनही नाडी ऐंशीच्या घरात दिसू शकते. तसंच रक्त वाहायला लागल्यावर लगेच तपासलेलं हिमोग्लोबिनही ठीक येऊ शकतं, ते खाली यायला काही तास लागतात. एका रिपोर्टवर समाधान मानून घरी परतू नका. काही तासांनी पुन्हा तपासायला सांगा.

आणि इंजेक्शनचं. दुखायला लागलं की आपल्याकडे पहिली धाव जवळच्या दवाखान्यात: ‘‘डॉक्टर, एक सुई मारा बघू, लई दुखालंय.’’ कंबरेत डायक्लोफिनॅक जातं आणि तासभर आराम पडतो. या पेशंटना ते इंजेक्शन तीन बाजूंनी मारक आहे. आतल्या कळेवर पांघरूण पडतं, जठराला जखम होऊ शकते, आणि सिरोसिसमध्ये आधीच नाजूक असलेली किडनी बसू शकते. प्लेटलेट कमी असताना कंबरेत सुई मारली तर तिथेही रक्त साकळतं. आयब्युप्रोफेनच्या गोळीचंही तेच. पॅरासिटामॉल चालतं, मात्र किती आणि किती दिवस हे टेस करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. डिस्चार्जच्या वेळी दुखण्यासाठी कुठली गोळी द्यायची ते नावानिशी लिहून घ्या आणि गावच्या डॉक्टरांना दाखवून ठेवा.

काळी शौच, रक्ताची उलटी

लिव्हर कॅन्सरचे बहुतेक पेशंट आधी सिरोसिसचे असतात. कावीळ बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि चरबीचं यकृत ही त्याची मोठी कारणं. (बुरशी आलेल्या शेंगांमधलं अफ्लाटॉक्सिन हे लिव्हर कॅन्सरचं आणखी एक कारण आहे आणि भाजून ते पुरतं जात नाही. शेंगांची चटणी रोजच्या ताटात असणाऱ्या आपल्या भागात खवट, काळपट शेंगा निवडून टाकून द्याव्यात.) सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं, पोर्टल शिरेतलं रक्त पुढे सरकत नाही, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते किंवा शौच काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची होते. हा धोका टेस नसतानाही असतो. टेसनंतर यकृतावर ताण आला की तो वाढू शकतो. त्यासाठी आधी दुर्बिणीनं तपासून, गरज असेल तर शिरांना रबरी बँड बांधतात. नाडी मंदावणारी जी गोळी वर सांगितली, ती याच शिरांचा दाब कमी ठेवते. टेसनंतर जेवण जात नाही म्हणून ती परस्पर बंद करू नका.

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे पेशंट त्या घेतोय का हे डॉक्टरांना आधीच सांगा. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीला लालसर छटा आली तर ते डॉक्सोरुबिसिनचा रंग उतरल्यामुळे असू शकतं, कारण ते औषधच लाल आहे. गुठळ्या दिसल्या किंवा नंतरही रंग राहिला तर विचारा.

क्वचित, आठवड्यांनंतर, यकृतातल्या एखाद्या दुखावलेल्या धमनीचं रक्त पित्तनलिकेत उतरतं. कळ, कावीळ आणि काळी शौच एकत्र आली तर डॉक्टरांना टेसची तारीख सांगा. महिना उलटला म्हणजे संबंध संपला असं होत नाही.

रिपोर्टमधले आकडे

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालाय. निरोगी माणसात त्या दीड लाखांच्या वर असतात. सिरोसिसमध्ये प्लीहा सुजते, ती प्लेटलेट अडवून ठेवते, म्हणून साठ-सत्तर हजार हा आकडा नेहमीचा. डेंग्यूत ऐकलेला पपईच्या पानांचा रस इथे देऊ नका. त्यानं प्लीहेची सूज उतरत नाही. काविळीवरची गावठी मुळी, काढे, भस्मं यांचंही तसंच. घेतली असतील तर लपवू नका. रागावून घेण्याच्या भीतीनं पेशंट सांगत नाहीत, आणि मग रक्त का थांबत नाही हे डॉक्टरांना कळायला वेळ जातो.

दुसरा आकडा आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा. तो वाढला म्हणजे रक्त पातळ झालं, असं सगळे धरून चालतात. पण रक्त गोठवणारी आणि गोठण्याला आवर घालणारी अशी दोन्ही प्रकारची प्रथिनं यकृतच बनवतं. आजारात दोन्ही कमी होतात. आयएनआर त्यातली एकच बाजू मोजतो. त्यामुळे वाढलेल्या आयएनआरचा पेशंट रक्तस्रावाविना पार पडतो, आणि कधी त्याच पेशंटच्या शिरेत उलट गुठळी होते. नुसता आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या तर पोर्टल शिरेतला दाबच वाढतो. डॉक्टर प्लाझ्मा न चढवता टेस करत असतील तर तो निष्काळजीपणा समजू नका.

हृदयात स्टेंट असेल आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, किंवा वॉरफरिन, अपिक्साबानसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती कधी थांबवायची हे हृदयाचे आणि टेसचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतःच्या मनानं बंद केली तर स्टेंट बुजू शकतो. बेव्हॅसिझुमॅब या कॅन्सरच्या औषधाचं सलाइन चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, त्या औषधानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कुठे जायचं

हे डिस्चार्जच्या आधी ठरवून ठेवा. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडला मिरज, खानापूरला बेळगाव. कणकुंबी-जांबोटीकडच्या गावातून पावसाळ्यात रात्री निघायचं असेल तर मोबाइलला रेंज कुठे मिळते इथपासून विचार करावा लागतो. तिथल्या पेशंटनं पहिला आठवडा-दहा दिवस बेळगावात पाहुण्यांकडे काढावा, असं मी सरळ सांगतो. 108 ची गाडी कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे आहे.

पहिलं ठिकाण जिथे टेस झालं तेच असायला हवं असं नाही. बेंगळुरू किंवा मुंबईची वाट धरू नका. रक्तपेढी, सिटी स्कॅन आणि आयसीयू असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा, रक्त आणि बीपी सावरलं की पुढचं बघता येतं. पुढचं म्हणजे बहुधा पुन्हा नळीच. डाय सोडली की रक्त कुठून पाझरतंय ते पडद्यावर दिसतं, आणि त्याच नळीतून बारीक कॉइल, जिलेटिन किंवा गोंदासारखं औषध सोडून ती जागा बंद करतात. ज्या वाटेनं उपचार झाला त्याच वाटेनं रक्तही थांबवता येतं. पण प्रत्येक कॅथलॅबमध्ये हे होत नाही. हृदयाची अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर वेगळे, आणि यकृताच्या धमनीत काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट वेगळे. आपल्या जवळ ते कुठे आहेत, रात्री येतात का, हे टेस करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून नंबर लिहून घ्या.

फोनवर ‘पोटात गॅस झालाय’ असं सांगू नका. टेस कुठल्या तारखेला झालं, गाठ केवढी होती, कळ कधी सुरू झाली, घाम-अंधारी-काळी शौच यातलं काय आहे, एवढं सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये हवा, रक्तगटासकट.

खर्चाचं थोडक्यात. 2018 पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद पेटला. पेशंटनं त्या वादात न पडता, हॉस्पिटलच्या योजना कक्षात आपलं कार्ड दाखवून लेखी विचारावं: टेस बसतं का, आणि गुंतागुंत होऊन पुन्हा भरती व्हावं लागलं तर तो खर्च बसतो का. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि रात्री दोन वाजता तोच अडतो.

टेस बहुधा एकदाच होत नाही. चार ते सहा आठवड्यांनी सिटी किंवा एमआरआय करून गाठीचा किती भाग मेला ते बघतात आणि पुढची फेरी ठरवतात. त्या भेटीत मागच्या वेळचं सगळं सांगा: जांघेत गाठ आली होती, एक दिवस काळी शौच झाली होती, चक्कर आली होती. त्यावरून डॉक्टर या वेळी मनगटातून जायचं का, आधी दुर्बीण करायची का, गाठीचा एकदम सगळा भाग बंद न करता थोडा थोडा करायचा का, हे ठरवतात.